भाकणूक, लाइव्ह

“टीव्हीचा आवाज का बंद केलास गं?” अंबुबाईंनी विचारलं.

“माझ्या हेडफोनात घुमतो, आत्या,” दिपालीनं सासूला थाप मारली.

“राहू दे मग. मी बघते नुसतं.”

एरवी रिमोटसाठी भांडणारी बाई! पण दिपालीला नवल करायलाही सवड नव्हती.

सासरे तात्याबा सोफ्यावर फेटा बांधून बसले होते. कानानं ठार बहिरे, पण वाचायला पटाईत. अंबुबाईंचं उलटं. कान तिखट, अक्षर मात्र एक येत नाही. दिपाली जुळे सोलापुरातल्या या फ्लॅटमध्ये बसून वेबवरच्या व्हिडिओंना कॅप्शन घालायची. रेकॉर्ड केलेलं असलं की निवांत. लाइव्ह असलं की कान तिकडे, बोटं इकडे, आणि लिहिलेलं बोलण्याच्या थोडं मागून पडद्यावर यायचं. आज माळशिरसकडच्या त्यांच्या गावची बिरुदेवाची जत्रा लाइव्ह होती. कॅप्शन दिपालीकडे.

तात्याबांच्या पोटात गाठ होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आता थांबू नका. पण म्हातारा ऐकेल तर शपथ! “भाकणुकीत देव सांगल तसं,” एवढंच पालुपद.

भाकणूक म्हणजे जत्रेत देव अंगात येतो आणि वर्षाचं पाऊसपाणी, दुखणीखुपणी सांगतो ती. सांगायचा मान अंबुबाईंच्या माहेरचा, आणि यंदा सांगणार होता त्यांचा धाकटा भाऊ बाळासो. म्हणून दिपालीनं सासूला गळ घातली होती, भावाला ऑपरेशनचं एक वाक्य बोलायला सांगा की! बाळासोनं फोनवरच उडवून लावलं.

“माझ्या तोंडानं खोटं निघायचं न्हाय, आक्का. देव इच्चारल की मला!”

झालं. मग दिपालीनं मनाशी ठरवलं, त्याच्या तोंडून नाही तर नाही, आपल्या बोटांतून. सकाळी भाकऱ्या थापताना ती ते वाक्य पुटपुटत घोळवत होती. देवाच्या बोलीत बसायला हवं ना! शेजारी अंबुबाई लसूण सोलत होत्या. मग हात धुऊन त्या फोन घेऊन गॅलरीत गेल्या.

“कुणाला लावला?” त्या आत आल्यावर दिपालीनं विचारलं.

“बाळासोला. उपास हाय न्हवं त्याचा, च्या तरी घेतलास का इचारलं.”

आता दिपाली आतल्या खोलीत लॅपटॉपपुढे बसली. उघड्या दारातून टीव्ही आणि म्हाताऱ्याची पाठ दिसत होती. पडद्यावर ढोल थांबले. भंडाऱ्यानं पिवळाधमक झालेला बाळासो उभा राहिला, घोंगड्याचा पदर तोंडावर. तो पावसाचं बोलला, दिपालीनं पावसाचं लिहिलं. ज्वारीचं बोलला, ज्वारीचं लिहिलं.

“आता दुखण्याखुपण्याचं ऐका,” हेडफोनात आवाज आला.

दिपालीनं हेडफोन ओरबाडून काढला. देवाचं खरं बोलणं कानात पडत असताना खोटं लिहायची तिची छाती नव्हती. मग तिनं लिहिलं, ‘पोटात गाठ घेऊन बसलेल्या माझ्या लेकरानं सुरीला भिऊ नये. तितं माझा हात हाय.’

चूक झाली की काय! पण पाठवलेलं आता मागं घेता येणार नव्हतं. जरा वेळानं तिनं हेडफोन कानाला लावला, तर मेंढरांचं चालू होतं. तिनं निमूट मेंढरांचं लिहिलं.

बाहेर तात्याबांनी दोन्ही हात जोडून टीव्हीपुढे डोकं टेकवलं.

“दिपाली! डॉक्टरला फोन लाव. देवानं माझंच नाव काढलं की गं!”

अंबुबाईंनी डोळ्यांना पदर लावला. दिपालीला रडावं की हसावं कळेना.

पुढचे दिवस तिला अन्न गोड लागेना. जत्रा लाइव्ह बघणाऱ्या कुणाचाही फोन आला नाही, हेच जास्त खुपत होतं. एवढी माणसं बघत होती, एकालाही कळलं नाही? आणि टेबलावर काही कमीजास्त झालं तर? देवाचं नाव घेऊन म्हाताऱ्याला कुणी नेलं तिथं?

ऑपरेशनच्या दिवशी ती आणि अंबुबाई दवाखान्याच्या बाकावर बसून होत्या. उन्हं कलताना डॉक्टर बाहेर आले.

“गाठ पूर्ण निघाली. काळजीचं काही नाही.”

अंबुबाई खाली बसकण मारून रडल्या. दिपालीही रडली. पण संध्याकाळी शुद्धीवर आलेले तात्याबा काय म्हणाले? “घरी गेल्यावर देवाचं ते बोलणं मला पुन्यांदा दाखीव. रोज वाचनार हाय मी.”

जत्रेचा व्हिडिओ उद्या कायमचा वेबवर चढणार होता. त्याची कॅप्शन तपासून द्यायची होती तिनंच. खरं लिहावं तर म्हाताऱ्याला कळणार, खोटं ठेवावं तर ऐकू येणाऱ्या अख्ख्या गावाला.

“आत्या, माझ्या हातून एक पाप झालंय,” बाहेर बाकावर येऊन ती हळूच म्हणाली.

“आधी ऐकून तर घे नीट,” अंबुबाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

दिपालीनं बाकावरच पिशवीतला लॅपटॉप उघडला, हेडफोन लावला आणि ती जागा काढली. ‘आता दुखण्याखुपण्याचं ऐका,’ बाळासो म्हणाला. मग काहीच नाही. वाऱ्याचा आवाज, कुठंतरी एक मेंढरू ओरडलं, गर्दीतलं कुणीतरी खोकलं. घोंगडं हललंही नाही. खाली तिचंच खोटं वाक्य आलं, थांबलं, गेलं. तरी तो गप्पच. तिनं आवाज वाढवला.

“झालं का लिवून, पोरी?” घोंगड्याआडून आवाज आला. “मग आता मेंढरांचं सांगतो.”