विसाचे सोळा

"टायर लावलेत की पापड?" काशीरामने गाडीच्या पुढच्या चाकावर बोटं टेकवून मोजली. "रिम वीस इंची आणि रबर जेमतेम चार बोटं. खड्ड्याचा धक्का मग जाणार कुठे, भाई? सरळ माणसाच्या हाडात."

दापोलीतल्या त्याच्या टायरच्या दुकानासमोर ती भली मोठी काळी गाडी उभी होती. तो जेवून परत आला तेव्हा गाडी आधीच आलेली होती आणि बुरोंडीचे गनीभाई बाकावर, चिऱ्याच्या भिंतीला पाठ लावून ताठ बसले होते. पंधरा वर्षं दुबईत काढून दोन हजार चार साली परतलेला माणूस. येताच गाडी घेतली आणि तिला या चकचकीत रिमा चढवल्या.

"तिथले रस्ते बघून केलेली हौस," गनीभाई म्हणाले.

"मग रस्तेपण बॅगेत घालून आणायचे होतेत."

गनीभाईंना हसू आलं, पण ते अर्ध्यावरच विरलं. गाडीशी पिशवी घेऊन उभ्या असलेल्या बाईकडे त्यांनी नजरेनेच दाखवलं.

"ही सुरय्या, माझी बायको. हिच्या मणक्याचं ऑपरेशन आहे परवा, मुंबईला. डॉक्टर म्हणाले, एक जोराचा गचका बसला तर पाय कायमचे जातील. बुरोंडीहून इथवर येतानाच अर्धा जीव गेला. काही करता येईल?"

सुरय्याने नवऱ्याकडे पाहिलं.

"येईल की," काशीराम म्हणाला. "या गाडीच्या मूळच्या सोळा इंची रिमा आहेत माझ्याकडे. त्यांवर उंच टायर चढवतो. चाकाची उंची तेवढीच राहील, पण लोखंड कमी आणि रबर जास्त. खड्डा आला की आधी रबर दबेल."

"आतले ब्रेक मोठे आहेत. रिम घासणार नाही ना?" सुरय्याने विचारलं.

"नाही घासणार, भाई. कंपनीचंच माप आहे," काशीरामने गनीभाईंना सांगितलं. परक्या बाईच्या तोंडाकडे बघून बोलायची त्याला सवय नव्हती. नवरा समोर असताना तर नाहीच.

त्याने सुरय्यासाठी खुर्ची आणून ठेवली. ती बसली नाही. बसल्यावर कळ येत असेल, असं त्याच्या मनात आलं आणि त्याने पुन्हा आग्रह केला नाही.

जॅक लावताना त्याला त्याची बायको मैना आठवली. दोन वर्षांपूर्वी तिच्या पोटात कळा सुटल्या, तेव्हा त्याने भाड्याची जीप केली होती. लवकर पोचायला हवं म्हणून तो ड्रायव्हरला सारखा म्हणत होता, हाण, अजून हाण. प्रत्येक खड्ड्याला मैना त्याचा हात आवळायची. खेडच्या अलीकडे तिचा हात सैल पडला. त्याला वाटलं, तिचा डोळा लागला.

आज त्याने एकेक नट दोनदा आवळला. प्रत्येक चाक हाताने फिरवून कान लावला. हवा रोजच्यापेक्षा किंचित कमी भरली.

"या रिमा घेतानाच मी नको म्हणाले होते," सुरय्या म्हणाली.

"आता मुंबईपर्यंत तेच ऐकव," गनीभाई म्हणाले.

"ऐकवणारच. पळून कुठे जाणार?" ती म्हणाली आणि तोंड फिरवून तिने ओढणीने डोळे पुसले. मग गाडीभोवती फिरून तिने चारही टायर पायाने दाबून पाहिले. "वळणावर गाडी डुलेल का?"

"जरा डुलेल, भाई," काशीरामने सांगितलं. "घाटात वळण यायच्या आधीच ब्रेक मारायचा, वळणात नको. चाळिसाच्या वर जायचं नाही. आणि पन्नासेक किलोमीटर झाले की थांबून नट पुन्हा आवळायचे. पाना देऊन ठेवतो."

"ऐकलंस?" गनीभाईंनी बायकोला विचारलं.

"ऐकलं."

बिचारा तिला धीर देतोय, काशीरामला वाटलं.

तो गाडी घेऊन एक फेरी मारून आला. मुद्दाम खड्ड्यांतून नेली. मागच्या सीटा पाडून तिथे कापसाची गादी अंथरली होती, दोन उशा होत्या. ठरल्याप्रमाणे धक्का रबरातच विरत होता. त्याला फार दिवसांनी काहीतरी नीट झाल्यासारखं वाटलं. ही बाई पोचेल, तो स्वतःशी म्हणाला. हिला काही होणार नाही.

गाडी दुकानाला लावून तो गनीभाईंसमोर आला आणि त्याने चावी पुढे केली.

"सावकाश न्या. वहिनींना जपा."

गनीभाईंनी मान खाली घातली. हात पुढे केला नाही. चावी सुरय्याने घेतली.

"काशीरामभाऊ, ऑपरेशन यांचंच आहे, सांगायला लाजतात. तुम्ही यांना खांद्यांकडून धरा," ती म्हणाली. "मी पाय उचलते. कंबर वाकू द्यायची नाही."

दोघांनी मिळून गनीभाईंना मागच्या गादीवर निजवलं. सुरय्याने दार हलकेच लावलं, पाना उचलला आणि पुढे जाऊन स्टिअरिंगवर बसली.