गोडं पाणी

कोकणातून परतताना जोतीरामतात्यांनी खडकाला घट्ट चिकटलेला जिता तारामासा ओढून काढला आणि नातीसाठी बरणीत घालून वडूजला आणला. घरी येताच खारं पाणी ओतून दिलं, अन् एवढ्या टंचाईतही हंड्यातलं पिण्याचं गोडं पाणी घमेल्यात भरून त्याला त्यात सोडला. संध्याकाळपर्यंत त्याचे पाचही हात लुळे पडले.

"समिंदराचा जीव त्यो, तात्या. गोड्या पाण्यात मरतो." सांगलीकडच्या बागायतदार सासरी परत नांदायला जात नाही म्हणून माहेरी बसलेली त्यांची लेक राजेश्वरी म्हणाली.

तात्या खेकसले, "चांगलं गोडं पाणी दिलं, ईख न्हाई! मरायला काय झालं त्याला?"

"मलाबी तुमी पाण्याचं गाव बघूनच दिलं हुतं."