डाव्या हाताची बटणं

भूकंपात भिंतीखाली उजवा हात गेला, तेव्हा आनंदराज सहा वर्षांचा होता. अकरावीला तो लातूरला आला आणि डाव्या हातानं लिहून क्लासच्या प्रत्येक टेस्टला पहिला येऊ लागला. दुसरा नंबर अंबरीशचा.

एका संध्याकाळी अंबरीशनं त्याला नेट कॅफेत नेलं. तिथं पोरं बंदुकीचा गेम खेळत होती.

“मला कुठं जमतंय? एक हात माऊसला, एक कीबोर्डला. दोन हात लागतेत.”

अंबरीशनं गेमची कॉन्फिग फाईल उघडली. वळणं, नेम धरणं, गोळी मारणं, सगळं त्यानं डाव्या हाताच्या बटणांवर आणून ठेवलं. “आता खेळ.”

बारावीच्या दिवाळीपर्यंत आनंदराजला कॅफेत कुणी हरवू शकत नव्हतं. संध्याकाळची बॅच त्यानं सोडली, मग सकाळचीही. पळायचं बटण लांब पडतंय म्हणाला की अंबरीश मांडीवरचं पुस्तक बाजूला ठेवायचा आणि फाईलमध्ये ते जवळ आणून द्यायचा.

आनंदराजची आई, सरजाबाई, गावाकडून भेटायला आली. तिनं अंबरीशच्या तोंडावरून हात फिरवला. “लई एकटं होतं बघ माझं लेकरू. तू त्याला हात दिलास.”

बोर्डाचा निकाल लागला. क्लासमध्ये अंबरीश पहिला आला. आनंदराज फिजिक्समध्ये नापास झाला.

“रोज त्याच्यासंगं कॅफेत बसून पहिला कसा आलास रे?” पेढा भरवत वडिलांनी विचारलं.

“मी कुठं खेळत होतो, बाबा? मी नुसती बटणं लावून देत होतो.”