चार बोटं खाली

हवेच्या पाइपांवर फासलेल्या साबणाच्या पाण्याला एकही बुडबुडा आला नाही, तेव्हा सहदेवने हातातला ब्रश बादलीत फेकला आणि मेलेल्या मित्राला एक सणसणीत शिवी हासडली. तीन दिवस खटपट चालली होती. बस पुढून अजून चार बोटं खालीच होती.

बस तीस वर्षांची. बाजूवर मोठ्या निळ्या अक्षरांत ‘मैत्री’. तिला पाट्यांच्या स्प्रिंगा नाहीत, हवेचे रबरी फुगे आहेत. हवा पुरेशी असली की गाडी ताठ उभी राहते, कमी पडली की खाली बसते. इतका सरळ हिशेब. सहदेवने पुढचे दोन्ही फुगे नवे घातले, पाइप बदलले, कॉम्प्रेसर खोलून पाहिला. दाबाचा काटा होता तिथे होता. हवा कुठूनही गळत नव्हती. आणि ही बया आपली नाक खाली घालून उभी! डोंबिवली एमआयडीसीत चाळीस वर्षं पाने फिरवलेल्या मेकॅनिकला ती वाकुल्या दाखवत होती.

रघू असता तर सहदेवने त्याची गचांडीच धरली असती. पण रघूला जाऊन चार महिने झाले होते. अठरा वर्षं त्याच्या या बसचं इंजिन, गिअर, ब्रेक सगळं सहदेवनेच सांभाळलं. फक्त पुढच्या चाकांपाशी तो वाकला की रघू आडवा यायचा. “जुनी गाडी आहे सहदेवा, झुकायचीच थोडी. तू तिथे हात नको लावू.”

“काका, पाचला भंगारवाला येतोय,” रघूचा मुलगा प्रितम मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला. “तुम्ही उगाच जीव काढताय. हवाच धरत नाय ती. सरळ उभी राहिली तर ठेवतो, नायतर देऊन टाकतो. किती दिवस पोसू?”

सहदेवला बसपेक्षा घरची काळजी होती. त्याची बायको रमाबाई दरवर्षी दसऱ्याला वस्तीतल्या लोकांबरोबर याच बसने नागपूरला, दीक्षाभूमीला जायची. दुसऱ्या बसचं नाव काढलं की मान हलवायची. “जाईन तर मैत्रीनं. नाहीतर घरूनच हात जोडीन.” हट्ट आहे झालं, असं म्हणून त्याने कधी पुढे विचारलं नव्हतं. पण यंदाही नेईन, असा शब्द मात्र देऊन बसला होता.

चेसिसखाली ठोकळे लावून तो पुन्हा सरपटत आत गेला. आता पाहायची एकच वस्तू उरली होती, वीतभर लांबीची एक लोखंडी दांडी. गाडी किती उंच ठेवायची, ते ही दांडी हवेच्या व्हॉल्व्हला सांगते. ती बिघडेल असं कुणाच्या मनातही येत नाही. त्याने वरचा चिखल खरवडला आणि बघतच राहिला. दांडी मधोमध कापून, आखूड करून पुन्हा जोडलेली होती. जोडही कसा, तर कानशीने घासून गुळगुळीत केलेला, वर रंगाचा हात. म्हणजे घाईगर्दीतला जुगाड नव्हे. कुणीतरी शांतपणे बसून हा गाढवपणा केला होता आणि गाढव कोण ते उघड होतं.

“तुझ्या बापाने तीन दिवस माझा जीव खाल्ला रे!” सहदेव बाहेर येत ओरडला.

अर्ध्या तासात त्याने पुऱ्या लांबीची नवी दांडी बसवली. जुनी भंगाराच्या डब्यात भिरकावली. इंजिन चालू केलं, फुगे भरले आणि मैत्री हळूहळू वर आली. सरळ. ताठ.

“म्हणजे हवा धरते ही?” प्रितम उठून उभा राहिला.

“कधी सोडलीच नव्हती. ठणठणीत आहे.”

प्रितमने तिथल्या तिथे भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं. इतक्यात लंगडत रमाबाई आली, हातात जेवणाचा डबा. लहानपणीच्या पोलिओने तिचा डावा पाय वाळलेला होता. बस वाचल्याचं ऐकून तिचा चेहरा फुलला. “पहिल्या सीटवर जरा बसून येते,” म्हणत तिने डबा प्रितमच्या हातात दिला आणि दाराचा दांडा धरला. डाव्या पायावर क्षणभर भार टाकून तिने उजवा पाय उचलला. तो पायरीच्या कडेला आपटून खाली आला. तिने पुन्हा उचलला. पुन्हा आपटला.

“काकी, हात द्या.”

“नको रे.” ती मागे सरली. चेहरा पार उतरला होता. “अहो, ही उंच कशी झाली? रघूभाऊजी तर म्हणायचे, वहिनी, ही बस कंपनीतूनच बुटकी आलीय, इथे तुम्हाला कुणाचा हात लागायचा नाही.”

सहदेवने तिच्या पावलाकडे पाहिलं, मग पायरीकडे. मधलं अंतर चार बोटांचं होतं. दुसऱ्या प्रत्येक बसमध्ये तिला काखेत हात घालून वर चढवावं लागे. चढवणारा तोच. आणि दर वेळी “आटप लवकर” म्हणणाराही तोच. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

तो भंगाराच्या डब्याशी गेला. आखूड दांडी शोधून काढली, अंगातल्या शर्टाला पुसली आणि पाना घेऊन बसखाली शिरू लागला.

“काका, आता परत काय?” प्रितम चक्रावून म्हणाला. “सरळ झाली ना गाडी!”

“आता बिघडलीय रे,” सहदेव म्हणाला. “थांब, नीट करतो.”