टीव्हीतल्या बाईसारखी

आरोग्य केंद्रातल्या नर्स सुमतीबाईंनी पोरीच्या दंडावरचा रक्तदाबाचा पट्टा सोडला, पुन्हा गुंडाळला, पुन्हा हवा भरली. पारा तिथेच, एकशे सत्तरवर. सकाळपासून त्या उभ्याच होत्या. आज त्यांना कुणावर ओरडायचं नव्हतं.

"कितवा महिना?"

"आठवा सरत आला," सासू म्हणाली. सीताबाई तिचं नाव, अंजूरची. सून चंद्रा तपासायच्या टेबलावर पडून होती. अंगावर लग्नातला शालू. पाय इतके सुजलेले की जोडवी बोटांत रुतली होती.

"डोकं दुखतं का गं?"

"चार दिस झाले. डोळ्यांपुढं चमकतं."

"आणि आज आणताय?" सुमतीबाई सीताबाईकडे वळल्या. "तिसऱ्या महिन्यात दवाखान्यात नाव घालायचं असतं. टीव्हीवर बोंबलून सांगतात. अंजूरला टीव्ही नाही?"

"हाय की. दौलतशेठकडं." सीताबाईला राग आला. "दर रविवारी बघतो आमी. त्या जाहिरातीत ती बाई दवाखान्यात जाते, तशीच आणलीय हिला. हिच्याएवढंच पोट हाय तिचं, बघा. भारीतलं लुगडं नेसवलं. तिच्यासंगं तिचा दादला असतो, म्हणून लडकूला आणलाय. पिशवी पण दिलीय त्याच्या हातात."

दाराबाहेर लडकू खरोखरच पिशवी छातीशी धरून उभा होता.

"आणि ती बाई बोलते काय?"

"ते कुठं ऐकू येतंय? ती आली का दौलतशेठ उठून आवाज बंद करतात. वटीवर बापये बसलेले, दारात सुना. लाज हाय का न्हाय?"

सुमतीबाईंनी चिठ्ठीचा कागद पुढे ओढला. जाहिरात गावोगाव पोचली, असं मागच्याच बैठकीत साहेबांनी सांगितलं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्यांनीही.

त्यांनी चिठ्ठी लिहिली. "हिला आत्ताच्या आत्ता ठाण्याला न्या. घरी जाऊ नका, जेवायला थांबू नका. झटके आले तर दोघं जातील."

"दोघं म्हंजे?"

"ही आणि पोटातलं."

सीताबाई स्टुलावर बसली, लगेच उठली. लडकू रिक्षा आणायला पळाला. चंद्राने शालूचा पदर सावरला आणि भिंत धरत धरत बाहेर गेली. डोकं दुखतं का, याखेरीज तिला कुणी काही विचारलं नव्हतं. तिनेही विचारलं नाही.

पुढची बाई टेबलावर चढत होती. शिपाई रामनाथ केसपेपर घेऊन आत आला. तेवढ्यात सीताबाई परत दारात. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

"आता काय राहिलं?"

"घरी धाकटी सून हाय. कमळा." तिचा आवाज खाली आला. "तिला तिसरा लागलाय. दिसत काय न्हाय अजून. तरी आणू?"

"उद्याच आणा."

बायकांचं बोलणं निघालं की रामनाथ बाहेर जायचा. आत्ताही तो कागद ठेवून, मान खाली घालून निघाला.

"तू कुठं चाललास?" सीताबाईने त्याची वाट अडवली. "लिव. कमळा. तिसरा म्हयना."