दहा चाळीसची फाइल

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५; सकाळचे सव्वादहा; प्रोग्रामच्या मजकुराच्या, म्हणजे सोर्स, फाइली सतरा. तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेल्या उदगीरच्या गुरुपादप्पांनी देवणी जातीच्या वळूंच्या प्रदर्शनासाठी नोंदणीचा प्रोग्राम लिहिला होता. अकरापर्यंत तो मैदानावर पोहोचला नाही, तर नोंदणी पुन्हा वहीवरच होणार होती.

फाइलींतून चालता प्रोग्राम बांधणारी त्यांची बिल्ड स्क्रिप्ट हिशेबी गड्यासारखी होती. मागच्या खेपेनंतर बदललेली फाइल तेवढीच कंपाइल करायची, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवायची. आज त्यांनी कशालाही हात लावला नव्हता. तरी तिने एक फाइल कंपाइल केली. त्या फाइलीवर बदलाची वेळ होती आजचीच, दहा चाळीस.

"अगं, पंचवीस मिनिटांनी होणारा बदल आत्ताच झालाय," ते पत्नीला म्हणाले.

"बरं झालं की," रत्नम्मा हसल्या. "जन्मात एकदा तरी तुमचं काम वेळेआधी झालं."

घड्याळ बरोबर होतं. फाइल ओळीओळीने तपासण्यात वीसेक मिनिटं गेली; मजकूर कालचाच होता. दहा चाळीसपर्यंत कीबोर्डला शिवायचंच नाही, असं ठरवून त्यांनी चहा मागितला.

तेवढ्यात प्रदर्शनाच्या शेषेरावांचा फोन आला. "सर, तुमचा प्रोग्राम साठच वळू घेतो म्हणला होतात. एक वाढलाय बघा. एकसष्ट करा, न्हाई तर आमच्या भावकीतला रुसून बसंल."

"वळू की मालक?"

"दोघंबी."

हसत हसतच गुरुपादप्पांनी त्याच फाइलीतला साठचा आकडा बदलला, फाइल सेव्ह केली आणि मग घड्याळ पाहिलं. दहा चाळीस.

नवा आकडा अजून कंपाइल व्हायचा होता; सव्वादहाला तयार झालेला प्रोग्राम त्यांनी तसाच उघडला. त्याने एकसष्टावा वळू बिनतक्रार नोंदवून घेतला.

रत्नम्मांनी पुढे केलेला चहा न घेता त्यांनी स्क्रिप्ट चालवली.

कंपाइल झालेल्या फाइली: शून्य.