फोटोतलं लुगडं

"हिरवं की लाल, एवढंच सांग," ॲनेट भावाला म्हणाली. "बाकी काही नको."

डॅरिल गळ्यातल्या कॅमेऱ्याच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला. आत पलंगावर त्यांची ममा, सेराफिना, पहाटेच गेलेली. शेजारच्या बायका तिला आंघोळ घालून चादरीत गुंडाळून खोळंबल्या होत्या. चारला मिस्सा. मनोरीचं चर्च काय, हाकेच्या अंतरावर. पण पेटी घेऊन माणसं केव्हाही दारात येतील, आणि लुगड्याचा अजून पत्ता नाही.

भिंतीवरचा फोटो काढून टेबलावर ठेवला होता. नाताळात डॅरिलनेच काढलेला. ममा लुगडं नेसून ओट्यावर बसलीय आणि हसतेय. गेल्या आठवड्यात तिने ह्याच फोटोकडे बोट दाखवून सांगितलं होतं, "मना नेताना तेच लुगडं नेसवा." ॲनेट तेव्हा बाटलीतलं औषध चमच्यात ओतत होती. "हो ममा, नेसवू," म्हणून मोकळी झाली. फोटो काळापांढरा आहे हे तिच्या ध्यानातही आलं नाही. कसं येणार? रात्रभर ममाच्या उशाशी जागायचं आणि सकाळी खाडी ओलांडायला तर पकडून मालाडला कामावर धावायचं. माणसाने लक्ष ठेवावं तरी कुठे कुठे?

आता खुर्चीवर ममाची दोन लुगडी होती. हिरवं ॲनेटच्या लग्नातलं, लाल डॅरिलच्या लग्नातलं. उद्या कोणी तोंड वाकडं करायला नको म्हणून ममाने दोन्ही एकाच दुकानातून आणलेली. चौकडी तीच, काठ तेच. फरक काय तो रंगाचा.

"कॉम्प्युटरवर काढ ना रंग. हल्ली सगळं होतं म्हणतात."

"नाही होत गं. हा कॅमेराच तसला आहे. बाकीचे कॅमेरे रंगीत टिपतात, मग पाहिजे तर आपण काळापांढरा करतो. ह्याच्यात रंग टिपायची सोयच नाही. आत शिरलाच नाही तो बाहेर कुठून काढू? कॉम्प्युटर लावेल आपल्या मनाने कुठला तरी. तो ममाचा नाही."

"मग असला घेतलास कशाला?"

"फोटो स्वच्छ येतो."

स्वच्छ तर होताच मेला. काठाचा धागा न् धागा वेगळा दिसत होता. ममाच्या हनुवटीवरचा एकुलता एक केस दिसत होता. कळत नव्हतं तेवढं एकच.

डॅरिल उठला. दोन्ही लुगडी ओट्यावर नेऊन शेजारी शेजारी पसरली, फोटो काढला आणि कॅमेऱ्याचा पडदा बहिणीपुढे धरला. ॲनेटने वाकून बघितलं. एक राखाडी, दुसरंही राखाडी. एकच लुगडं दोनदा वाळत घातल्यासारखं.

"वाट लागली," डॅरिल पुटपुटला. "उन्हात दोन्ही सारखीच येतात."

ॲनेट मटकन खाली बसली. खरं तर तिला हिरवंच असावं असं वाटत होतं. शेवटी शेवटी ममाला उचलून बसवलं ते हिनेच ना? आणि ममा अजून घरात असताना आपण असला हिशोब करतोय याची लाजही वाटत होती. रडायला हवं होतं, पण तेवढंही त्राण उरलं नव्हतं.

"अरे, फोटो मरू दे," ती म्हणाली. "तू समोर होतास ना? अख्खी सकाळ दोघंच होतात इथे. तू डोळ्यांनी काय बघितलंस?"

"डोळा कॅमेऱ्याला होता. त्यातून बघतानाही काळंपांढरंच दिसतं."

"सगळा वेळ?"

डॅरिलने मान खाली घातली. मग म्हणाला, "तिने विचारलं होतं गं."

"काय?"

"'मना शोभतो का रे ह्यो रंग?' असं. त्यावरच हसली ती, आणि मी फोटो काढला."

"आणि तू काय म्हणालास?"

"म्हणालो, झकास दिसतेस. हलू नकोस."

आतल्या बायकांपैकी कोणीतरी दारात येऊन "काय ठरलं गं?" म्हणून विचारून गेलं. दुसरा कुठला दिवस असता तर ॲनेटने भावाची चांगली खरडपट्टी काढली असती. आज नुसताच राग आला आणि आला तसा थकून गेला.

ती उठली. दोन्ही लुगडी गोळा करून तिने डॅरिलच्या हातांवर ठेवली, आणि त्याच्या गळ्यातला कॅमेरा काढून टेबलावर, फोटोच्या शेजारी ठेवला.

"तिने तुलाच विचारलं होतं ना?" ती म्हणाली. "मग जा आत. एकेक तिच्या अंगावर धर, नीट बघ, आणि सांग तिला."